सूर्याची बेराखा आठवते त्यांनी ती लिहून ठेवावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रथसप्तमीच्या निमित्ताने आपल्या पुरवणीत सूर्योपासनेवर आलेला लेख मी दोनदा वाचला. अर्घ्य, सूर्यनमस्कार, अंगणात उतू घालवायचं दूध, सगळं मन लावून लिहिलं आहे. शेवटी मात्र एक वाक्य आहे, की ज्यू लोकसुद्धा अठ्ठावीस वर्षांतून एकदा सूर्याची पूजा करतात. लेखकाचा हेतू सगळ्यांना एका पंगतीला बसवण्याचा होता हे मला कळतं आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण आम्ही सूर्याची पूजा करत नाही. त्या दिवशी आम्ही जे करतो त्याचा सगळा रोख नेमका हे सांगण्याकडे असतो. म्हणून हे पत्र.

मी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू. आमचं मूळ गाव अलिबाग तालुक्यात. आजोबांपर्यंत घरात तेलाचा घाणा होता आणि शनिवारी तो बंद असायचा, म्हणून आम्हाला गावात 'शनिवार तेली' म्हणत. आता कितीतरी वर्षं मी ठाण्यात राहतो. घरात आम्ही मराठी बोलतो, हिब्रू प्रार्थनेपुरती.

आपल्या लेखात ज्याचा उल्लेख आहे त्या विधीला 'बिरकत हाहम्मा', म्हणजे सूर्याची बेराखा, म्हणतात. बेराखा म्हणजे देवाची स्तुती करणारं छोटं वचन. भाकरी खाताना, फळ खाताना, नवं कापड अंगावर घालताना आम्ही वेगवेगळ्या बेराखा म्हणतो. सूर्याच्या दिवशीची बेराखा एका ओळीची आहे. विश्वाच्या राजा, सृष्टीची घडण करणाऱ्या आमच्या देवा, तुझी स्तुती असो, एवढाच तिचा आशय. आपल्या वाचकांना मला मुद्दाम सांगायचं आहे की ही ओळ सूर्यासाठी वेगळी रचलेली नाही. वीज चमकलेली पाहिली, उंच डोंगर पाहिले, मोठी नदी पाहिली, की हीच ओळ म्हणायची असते. मृग लागायच्या आधी सह्याद्रीच्या माथ्यावर वीज कडाडली की माझी आई चुलीपुढून उठून दारात येई आणि ही बेराखा म्हणे. आम्ही विजेची पूजा करतो असं त्यामुळे कोणी म्हटलं नाही.

सूर्याच्या बाबतीत आमचे धर्मगुरू फार जपून वागले, त्याला कारण आहे. यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथात आठव्या अध्यायात तो एक दृष्टांत सांगतो. यरुशलेमच्या मंदिरात पंचवीस माणसं देवाच्या गाभाऱ्याकडे पाठ करून, पूर्वेला तोंड करून सूर्याला नमस्कार घालताना त्याला दिसतात. ही लाज आमच्या लोकांनी लपवली नाही. उलट पुढे मंडपांच्या सणात मंदिरातली मंडळी पूर्वेच्या दारापर्यंत जात, तिथे गाभाऱ्याकडे तोंड वळवत आणि मोठ्याने म्हणत, की आमच्या पूर्वजांनी या जागी सूर्याला नमस्कार घातले, आमचे डोळे मात्र देवाकडे आहेत. मिश्ना या आमच्या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहात हे नोंदलेलं आहे. अशा लोकांनी सूर्याकडे बघून बेराखा म्हणायचं ठरवलं तेव्हा ते पूर्ण विचारान्ती ठरवलं. सूर्याकडे पाहायचं, पण शब्द सूर्याला उद्देशून नाहीत. नंतर १४८वं स्तोत्र म्हणायची चाल आहे. त्यात सूर्य, चंद्र, तारे, गारा, बर्फ, फळझाडं, गुरंढोरं, राजे आणि म्हातारी माणसं या सगळ्यांना देवाची स्तुती करायला सांगितलं आहे. सूर्य त्या गर्दीतला एक.

आता अठ्ठावीस वर्षांचा हिशेब. तालमूद या आमच्या धर्मचर्चेच्या मोठ्या ग्रंथात बेराखोथ नावाच्या भागात अबाये नावाच्या बाबिलोनी पंडिताचं मत दिलेलं आहे, त्यावर ही सगळी प्रथा उभी आहे. तोरा या आमच्या मूळ धर्मग्रंथात सूर्य चौथ्या दिवशी निर्माण झाला असं सांगितलं आहे. आमचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे चौथा दिवस म्हणजे मंगळवारची संध्याकाळ आणि बुधवार. तिसऱ्या शतकात बाबिलोनमध्ये शमुएल नावाचे मोठे विद्वान होऊन गेले. आकाशातल्या वाटा मला माझ्या नेहार्दिया गावाच्या गल्ल्यांइतक्याच ठाऊक आहेत, असं ते म्हणत. त्यांनी वर्ष ३६५ दिवस आणि ६ तासांचं धरलं. म्हणजे ५२ आठवडे, वर एक दिवस आणि सहा तास. वसंतातल्या विषुवाचा, म्हणजे दिवस-रात्र सारखे होण्याचा, क्षण त्यामुळे दर वर्षी आठवड्यात सव्वा दिवसाने पुढे सरकतो. सव्वा दिवस गुणिले २८ म्हणजे ३५ दिवस, बरोबर पाच आठवडे. अठ्ठावीस वर्षांनी तो क्षण पुन्हा मंगळवारी संध्याकाळी सहाला येतो, सृष्टीच्या पहिल्या आठवड्यात होता तिथेच. तेव्हा सूर्य मावळतीला असतो, म्हणून बेराखा दुसऱ्या दिवशी सकाळी, सूर्य वर आल्यावर, उभं राहून म्हणायची. शक्य तर दिवसाच्या पहिल्या प्रहरात.

इंग्रजी तारखेने १९२५, १९५३, १९८१ आणि २००९ साली हा दिवस आला. प्रत्येक वेळी ८ एप्रिल आणि अर्थातच बुधवार. पुढचा ८ एप्रिल २०३७.

२००९ साली आमच्या इमारतीतले एक शेजारी, पंचांगाचे चांगले जाणकार, गच्चीवर आमच्याबरोबर आले होते. सगळं झाल्यावर त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, "अहो, विषुवदिन तर २० मार्चला झाला. तुम्ही एकोणीस दिवस उशिरा कसे?" प्रश्न रास्त होता. शमुएलांचं वर्ष खऱ्या सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा मिनिटांनी मोठं आहे. १२८ वर्षांत त्याचा एक दिवस होतो. ज्युलियन कॅलेंडरमध्येही हीच तफावत होती. पोप ग्रेगरी यांनी १५८२ साली दहा दिवस गाळून ती दुरुस्त केली. आम्ही केली नाही. इसवी सन २१००ला लीप वर्ष नसेल, त्यामुळे २१२१ साली आमचा दिवस ९ एप्रिलवर जाईल.

ही चूक आमच्या पंडितांना ठाऊक नव्हती असं कोणी समजू नये. रव अद्दा या पंडितांच्या नावाने ओळखलं जाणारं दुसरं, जास्त अचूक वर्षमान आमच्याकडे आहे आणि आमचं रोजचं कॅलेंडर त्याच्या जवळच्या हिशेबाने चालतं. १९ वर्षांत ७ अधिक महिने. आपल्याकडचे अधिक महिनेही साधारण याच प्रमाणात पडतात, त्यामुळे मराठी माणसाला हे समजावायला मला कधी वेळ लागला नाही. सण ऋतूत ठेवायचे तिथे अचूक हिशेब वापरला. ज्या प्रसंगी कोणत्याही शेतकऱ्याला, मच्छीमाराला, घाणा चालवणाऱ्या तेल्याला बोटांवर मोजता यावं असं वर्ष हवं होतं, तिथे सोपा ३६५ दिवस ६ तासांचा हिशेब ठेवला. पाऊस मागण्याची प्रार्थना यरुशलेमच्या देशाबाहेर याच सोप्या हिशेबाने ४ किंवा ५ डिसेंबरच्या संध्याकाळपासून सुरू होते. कोकणात त्या वेळी पाऊस संपून दीड-दोन महिने झालेले असतात आणि वालाच्या पेरण्या उरकलेल्या असतात. तरी आमच्या पिढ्यानपिढ्यांनी ती त्याच दिवसापासून म्हटली, कारण ती आमच्या शेतासाठी नाही, बाबिलोनच्या काळापासून सगळ्यांनी एकत्र म्हणायची आहे.

शेजाऱ्यांना मी मकरसंक्रांतीचं उदाहरण दिलं. सूर्य खरा उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरला. आपण तिळगूळ वाटतो १४ किंवा १५ जानेवारीला. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३चा, त्या दिवशी संक्रांत होती. आता ती पंधरा तारखेकडे सरकते आहे. लोकमान्य टिळकांनी शुद्ध पंचांगाचा आग्रह धरला, त्यावरून महाराष्ट्रात केवढे वाद झाले, आजही टिळक पंचांगाचे सण कधी कधी वेगळे येतात. पण कुणी सुगडं पुजायची थांबवली नाहीत. शेजाऱ्यांना ते पटलं. मला स्वतःला असं वाटतं, की हिशेब माहीत असून प्रथा पाळणं हे हिशेब माहीत नसताना पाळण्यापेक्षा बरं. मुलांना दोन्ही सांगावं, खरा विषुव कधी असतो तेही आणि आपण बुधवारी सकाळी गच्चीवर का जातो तेही.

आता माझ्या मनातली खरी गोष्ट लिहितो.

दर वर्षी येणारा सण माणूस बघून शिकतो. मलिदा कसा करायचा, पोहे किती भिजवायचे, खोबरं किती, एलियाहू हनाबी या संदेष्ट्याचं नाव कधी घ्यायचं, हे आमच्या मुलींना कोणी शिकवावं लागत नाही. दर महिन्याला चंद्राची बेराखा असते, तीही सवयीने येते. अठ्ठावीस वर्षांच्या विधीचं तसं नाही. लहानपणी पाहिलेला माणूस पुन्हा पाहतो तेव्हा त्याची मुलं शाळेत असतात. तिसऱ्यांदा पाहतो तेव्हा नातवंडं. मधल्या काळात त्याबद्दल कोणी एक शब्द बोलत नाही.

१९५३ साली मी आठ वर्षांचा होतो. गावात आमची मोजकी घरं, प्रार्थना चालवणारा हजान नाही. पेसाहचा सण आदल्या संध्याकाळी संपला होता. आठ दिवस बिनखमिराच्या भाकरीवर काढल्यावर रात्री आईने पीठ भिजवून ठेवलं होतं, पण सकाळी बाबांनी कोणाला खाऊ दिलं नाही, आधी बेराखा. आमच्याकडे समुद्र पश्चिमेला आणि पूर्वेला सागरगडाचा डोंगर, त्यामुळे उजाडलं तरी सूर्य दिसत नाही. पुरुष टोप्या घालून, बायका डोक्यावर पदर घेऊन वाडीच्या कडेला उभ्या. बाबांच्या हातात एक वही होती. मुंबईच्या कोणा नातेवाइकाने कळवलेला क्रम बाबांनी त्यात उतरवला होता. हिब्रू शब्द बाळबोध लिपीत, खाली मराठीत अर्थ. डोंगराच्या कडेवर सूर्याचा पूर्ण गोल सुटा झाल्यावरच त्यांनी म्हणायला सुरुवात केली. वर एवढीशी कोर दिसताच मी "दिसला, दिसला" म्हणून ओरडलो, तेव्हा त्यांनी खांद्यावर हात ठेवून मला थांबवलं. बेराखा म्हणताना त्यांनी एकदा वर पाहिलं आणि मग नजर वहीवर ठेवली. असं का केलं ते मी तेव्हा विचारलं नाही. पुढे कळलं, की एकदा पाहून घ्यायचं आणि म्हणताना पाहत राहायचं नाही, म्हणजे सूर्यालाच बोलतो आहोत असं होत नाही.

१९८१पर्यंत ती वही वाळवीने खाल्ली होती आणि बाबा गेले होते. गावातली बरीचशी घरं इस्रायलला गेली होती, दिमोना, अश्दोद, लोद. मुंबईत आम्ही चार-पाच कुटुंबं एकत्र जमलो आणि आदल्या रात्री वाद झाला. कोणी म्हणे आधी १४८वं स्तोत्र आणि मग बेराखा. कोणी म्हणे आधी बेराखा. एक वयस्कर आत्याबाई ठामपणे म्हणाल्या, की त्यांच्या पेणच्या घरी १९वं स्तोत्रही म्हणत, कारण त्यात सूर्य मंडपातून नवरदेवासारखा बाहेर येतो असं वर्णन आहे. बायकांनी मोठ्याने म्हणायची की पुरुषांचं ऐकून 'आमेन' म्हणायचं, यावरही मतं वेगळी. खुद्द बेराखा एकच आहे, तिच्याबद्दल शंका नव्हती. पण कोकणातल्या आमच्या लोकांची पद्धत कोणती, हे खात्रीने सांगू शकेल असं त्या खोलीत कोणी नव्हतं. पुस्तकात पाहिलं तर पोलंडची पद्धत मिळते, हंगेरीची मिळते, बगदादची मिळते. रेवदंड्याची आणि पेणची मिळत नाही.

२००९ साली तो दिवस पेसाहच्या आदल्या दिवशी आला. तसा योग त्यापूर्वी १९२५ साली आला होता. भांड्यांना कल्हई, भिंतींना चुना ही जुनी धांदल आता फ्लॅटमध्ये राहिलेली नाही, तरी खमिराचा कण न कण घराबाहेर काढायचा असतोच. पहाटे गच्चीवर सूर्याची बेराखा, मग लगेच तिथेच पत्र्याच्या डब्यात उरलेला पाव जाळला. माझा मोठा नातू त्या वेळी पाच वर्षांचा. त्याला आज त्यातला फक्त जाळ आठवतो.

जगात इतरत्रही या विधीने लोकांना बुचकळ्यात टाकलं आहे. १८९७ साली, तेव्हा तारीख ७ एप्रिल होती, न्यूयॉर्कमध्ये टॉम्पकिन्स स्क्वेअरच्या बागेत शेकडो ज्यू पहाटे जमले. जमावाला परवाना नव्हता, पोलीस आले. सूर्याचा हिशेब पोलिसाला समजावून सांगण्याइतकं इंग्रजी तिथल्या धर्मगुरूंना येत नव्हतं आणि प्रकरण कोर्टात गेलं. २००९ साली यरुशलेमच्या पश्चिम भिंतीपाशी हजारो लोक उजाडण्याआधीच जमले होते. तिथे छापील पुस्तकं, ध्वनिक्षेपक, सगळं होतं. तिथली प्रथा विसरली जाणार नाही. मला काळजी वाटते ती मराठीतून म्हटल्या गेलेल्या, कोकणातल्या वाडीच्या कडेला उभं राहून म्हटल्या गेलेल्या त्या सकाळची.

१९५१च्या जनगणनेत देशात पंचवीस हजारांहून जास्त ज्यू होते. आज बेने इस्रायली जेमतेम चार-पाच हजार, बहुतेक मुंबई आणि ठाण्याच्या पट्ट्यात. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली आम्हाला अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण शासनाला आमच्या आजीच्या आठवणी लिहून घेता येणार नाहीत. १९५३ साली जे मोठे होते ते गेले. जे माझ्यासारखे लहान होते ते आता ऐंशीच्या आसपास आहेत. २०३७ साली आमच्यापैकी किती जण उभे असतील ते देवाला ठाऊक.

आणि लिहून ठेवण्याची सवय आमच्या समाजाला नव्हती असंही नाही. १८४६ साली मुंबईत पेसाहची हग्गादा, म्हणजे त्या सणाच्या रात्री वाचायची पोथी, हिब्रू आणि मराठीत शिळाप्रेसवर छापली गेली. १८७४ साली पुण्यात छापलेल्या हग्गादेत तर लुगडं नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बिनखमिराच्या भाकऱ्या करताना काढल्या आहेत. ते चित्र पाहिलं की पेसाह आमच्याकडे कसा होत असे याचा पुरावा वेगळा शोधावा लागत नाही. कोचीनच्या डेव्हिड रहाबींनी अठराव्या शतकात ज्यू कालगणनेवर हिब्रूत ग्रंथ लिहिला. सूर्याच्या बेराखेबद्दल मात्र आमच्या भाषेत, आमच्या गावांच्या पद्धतीचं असं काही माझ्या हाती कधी लागलं नाही. चार ओळींची टिपणं कुठे तरी असणार. बाबांची वही होती, तशा इतरांच्याही असतील.

तेव्हा आपल्या वृत्तपत्राच्या वाचकांना माझी विनंती आहे. अलिबाग, रेवदंडा, चौल, पेण, पनवेल, रोहा, म्हसळा, मुरुड या भागात ज्यांच्या शेजारी पूर्वी शनिवार तेल्यांची घरं होती, ज्यांनी ती घरं विकत घेतली, त्यांच्या माळ्यावर किंवा जुन्या ट्रंकेत हिब्रू-मराठी वह्या, प्रार्थनेची पानं, पत्रं सापडली तर ती रद्दीत देऊ नयेत. मजकूर मोडीत असला, अर्धवट असला, तरी चालेल. मोबाइलवर फोटो काढून जवळच्या सिनेगॉगकडे द्यावेत, अलिबागला मागेन आबोथ आहे, ठाण्यात शाआर हाशामाईम आहे. तुमच्या आजीला शेजारच्या ज्यू घरातली ती सकाळ आठवत असेल तर तेही लिहून पाठवावं. बाहेरून पाहणाऱ्याच्या लक्षात घरातल्यांपेक्षा वेगळं काही राहतं. इस्रायलमधल्या आमच्या लोकांपर्यंत हे पत्र पोचलं तर त्यांना मी आग्रहाने सांगेन, की वडीलधाऱ्यांना विचारा. १९५३ साली तुमच्या गावात कुठे उभे राहिलात? कोणी म्हटलं? आधी काय म्हटलं, नंतर काय? बायका बोलल्या का? ढग होते का? ढगातून गोल दिसत नसेल तर थांबायचं, दुपारपर्यंत नाहीच दिसला तर देवाचं नाव न घेता म्हणायचं, असं शास्त्र आहे, पण तुमच्याकडे प्रत्यक्षात काय केलं? उत्तरं वेगवेगळी आली तरी सगळी लिहा, एकसारखी करू नका.

संपादक महाशय, आपल्या लेखातल्या त्या वाक्याची दुरुस्ती आपण छापाल अशी खात्री आहे. आणखी एक गोष्ट तरुणांसाठी आताच सांगून ठेवतो. २०३७ साली ८ एप्रिलला निसान महिन्याची २३ तारीख असेल, १९५३ साली होती तीच. म्हणजे पेसाह आदल्या संध्याकाळी संपेल आणि सणाच्या शेवटच्या दोन दिवसांत प्रवास करता येणार नाही. ज्यांना ती सकाळ अलिबागला, सागरगडाकडे तोंड करून काढायची असेल त्यांनी रविवारी दिवस मावळायच्या आत पोचून मुक्काम करावा आणि जेवणाची सोय बिनखमिराची करावी. डोंगरामुळे तिथे सूर्य उशिरा दिसतो. घाई करू नये, पूर्ण गोल वर आल्यावरच सुरुवात करावी.

आपला विश्वासू,
एक बेने इस्रायली वाचक, ठाणे